नाटकातली शारदा, कायद्यातले सारडा

गटाच्या बैठकीत बालविवाहाच्या कायद्याचा विषय निघाला की एखादी जुनी जाणती बाई हमखास म्हणते, "तो शारदा कायदा ना?" शारदा कोण, असं विचारलं तर उत्तर येतं, "नाटकातली. म्हाताऱ्याला देत होते बघा, ती. तिच्या नावानं सरकारनं कायदा केला." हे उत्तर आम्ही इतक्या जणींकडून ऐकलं की शेवटी ठरवलं, ही शारदा नीट शोधून काढायची. तालुक्याच्या वाचनालयातून नाटकाचं पुस्तक आणलं. बैठकीचा हिशेब उरकला की अर्धा तास मोठ्यानं वाचायचं, असं करत चार-पाच बैठकांत वाचून संपवलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीच जास्त प्रश्न विचारले. आजचं बोलणं त्या प्रश्नांतूनच आलंय.

आधी नावाचा घोळ मिटवू. नाटक आलं १८९९ साली. कायदा झाला १९२९ साली. मध्ये तीस वर्षं गेली. कायद्याला नाव पडलं ते हरबिलास सारडा यांचं. ते राजस्थानातल्या अजमेरचे. दिल्लीच्या कायदेमंडळात त्यांनी १९२७ साली बालविवाह रोखण्याचं विधेयक मांडलं, म्हणून तो सारडा कायदा. आपल्याकडं येता येता सारडाचं शारदा झालं. कागदावर बघितलं तर ही चूकच. पण ती का झाली असेल, याचा विचार केला की आम्हाला तिच्यात अर्थ दिसतो. आपल्या माणसांनी सारडांना कधी बघितलं नव्हतं. शारदा मात्र घरची झाली होती. मुलीच्या लग्नाचा कायदा म्हटल्यावर तोंडात तिचंच नाव आलं. जी मुलगी कधी जन्मलीच नाही, तिच्या नावावर लोकांनी एक आख्खा कायदा चढवला.

ही शारदा लिहिली गोविंद बल्लाळ देवल यांनी. ते आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, जन्म १८५५ सालचा. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात ते हरिपूर. आपल्या भागातल्या बायकांना हरिपूर माहीत असतं ते हळदीच्या पेवांमुळं. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. त्याच गावच्या माणसानं मराठीतली सगळ्यात गाजलेली हळद न लागू द्यायची गोष्ट लिहिली, असं आमच्यातली एक जण म्हणाली आणि सगळ्या हसलो.

देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या तालमीत तयार झालेले. त्यांची बाकीची नाटकं संस्कृतावरून किंवा परक्या नाटकांवरून घेतलेली आहेत. शारदा हे त्यांचं स्वतःचं, आपल्या अवतीभवतीचं बघून लिहिलेलं. किर्लोस्कर मंडळीनं त्याचा पहिला प्रयोग इंदूरला केला. तोवर संगीत नाटक म्हणजे शकुंतला, सुभद्रा, राजे आणि ऋषी. इथं पहिल्यांदा एका साध्या घरातली मुलगी रंगमंचावर आली आणि तिच्या बापानं तिचा सौदा केला.

गोष्ट अशी. भुजंगनाथ नावाचा एक पैसेवाला म्हातारा, वयानं पंचाहत्तरीला टेकलेला. त्याला पुन्हा बाशिंग बांधायचंय. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. तो मुलगी शोधून देतो आणि दोन्हीकडून आपला फायदा बघतो. कांचनभट हा मुलीचा बाप. पैशाच्या लोभानं तो कोवळ्या शारदेला त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला तयार होतो. देवलांनी नावं कशी ठेवलीत बघा. म्हातारा भुजंग, म्हणजे साप. बापाचं नाव कांचन, म्हणजे सोनं. वाचायला न येणाऱ्या बाईलाही नाव ऐकल्या ऐकल्या माणूस कळतो.

आई आहे, इंदिराकाकू. तिला हे लग्न नकोय. पण ती करणार काय? घरात पैसा नवऱ्याचा आणि शब्दही नवऱ्याचा. मैत्रिणी आहेत, त्यांत वल्लरी नावाची एक फटकळ पोरगी. ती शारदेला चिडवते, म्हाताऱ्याची अशी काही खोटी स्तुती करते की ऐकणारा हसून लोळतो. आम्ही वाचताना सगळ्यात जास्त हसलो ते तिच्या तोंडच्या पदांना. हसता हसताच मध्ये शारदेचं दुःख येतं आणि बसलेल्या बायका गप्प होतात. तिच्या समोर जे उभं आहे ते तिला स्वच्छ दिसतंय. बाकी सगळे दागिने, वाडा, थाट बघतायत.

कोदंड नावाचा एक शिकलेला, सुधारक विचारांचा तरुण आहे. लग्न मोडायचं त्यानं मनावर घेतलंय. लग्न लागायला येतं. आता तो काय करणार, असं आम्हाला वाटलं होतं. भर मांडवात उभा राहून म्हणेल, अरे हा म्हातारा, ही लेकराएवढी पोर, लाज वाटत नाही का? तसं होत नाही. लग्न मोडतं ते वेगळ्याच कारणानं. वधू आणि वर एकाच गोत्रातले निघतात. सगोत्र विवाह शास्त्राला चालत नाही, म्हणून थांबतो.

इथं आमच्या बैठकीत वाचन थांबलं. एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे गोत्र वेगळं असतं तर लागलं असतं?"

हो, लागलं असतं. मुलगी नको म्हणतेय हे कारण पुरलं नसतं. नवरा आज्याच्या वयाचा आहे हे कारणही पुरलं नसतं. या प्रश्नावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि इतिहास शोधायला लागलो तो त्यामुळंच.

देवलांच्या काळात आपल्या भागात हिंदू लग्नाला किमान वयाचा कायदाच नव्हता. १८६० सालच्या दंडसंहितेत एवढंच होतं की बायको दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्याशी नवऱ्यानं संबंध ठेवणं हा गुन्हा. पुढं बंगालात फुलमणी दासी नावाच्या मुलीचं प्रकरण झालं. दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या अत्याचारानं मेली. नवरा पस्तिशीच्या आसपासचा. ती दहाच्या वर होती, म्हणून बलात्काराचा गुन्हा त्याच्यावर बसलाच नाही. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाचं बारा झालं. एवढ्या दोन वर्षांसाठीही आपल्याकडं केवढं रण माजलं होतं! सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून पुण्यात सभा झाल्या, लोकमान्य टिळकांनी विरोधाची बाजू लावून धरली. आणि हेही ध्यानात घ्या की हा कायदा संबंधाच्या वयाचा होता. लग्न पाळण्यातल्या पोरीचं लावलं तरी त्याला कुणी हरकत घेऊ शकत नव्हतं.

म्हणजे १८९९ साली भुजंगनाथ कायद्यानं पूर्ण मोकळा होता. कांचनभटही मोकळा होता. कोदंडाच्या हातात कसलंच हत्यार नव्हतं. देवलांना ते लग्न मोडायचं तर होतं, पण खोटं वाटेल असंही काही दाखवायचं नव्हतं. मग शास्त्रातलंच एक कलम काढून त्यांनी शास्त्राच्या नावानं चाललेलं लग्न अडवलं. काही जाणकारांना नाटकाची ही जागा कच्ची वाटते. आम्हाला ती नाटकातली सगळ्यात खरी जागा वाटली. मुलीचा नकार मोजायला जिथं माप नाही, तिथं माणूस दुसऱ्या मापानं मोजतो.

लग्न मोडल्यावर तरी पोर सुटली का? नाही. अर्धं लग्न लागलेली मुलगी, तिला आता कोण करणार? शारदा जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो. पुढं शंकराचार्यांची संमती मिळते आणि कोदंडाशी तिचं लग्न होतं. पडदा पडतो. लोक डोळे पुसत, समाधानानं घरी जातात.

आता दुसऱ्या एका मुलीचं सांगायचंय. ही खरीखुरी होती. नाटकाच्या आधी पंधरा वर्षं मुंबईत घडलेली गोष्ट.

रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं, दादाजी भिकाजी नावाच्या मुलाशी. ती सासरी नांदायला गेली नाही, माहेरीच राहिली, शिकली. तिचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मोठे डॉक्टर, आईचा पुनर्विवाह त्यांच्याशी झालेला. मुलगी मोठी झाली तेव्हा नवऱ्यानं तिला नांदायला बोलावलं आणि तिनं साफ नाही म्हटलं. कळत नव्हतं तेव्हा लावलेलं लग्न मला मान्य नाही, असं तिचं म्हणणं. नवऱ्यानं १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. त्यावर अपील झालं, खटला परत सुनावणीला गेला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाते.

हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बैठकीत जी शांतता झाली ती शारदेच्या दुःखालाही झाली नव्हती.

आता बघा, या खऱ्या मुलीला समाजानं काय दिलं? तिच्या बाजूनं उभे राहिलेले लोक होते, बेहरामजी मलबारींसारखे. पण वर्तमानपत्रांतून तिच्यावर झोड उठली. 'केसरी'नंही तिच्याविरुद्ध लिहिलं. बायका शिकल्या की अशा होतात, हा तिच्या निमित्तानं सापडलेला पुरावा. शेवटी १८८८ साली नवऱ्यानं दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली आणि ती मोकळी झाली. पुढं ती इंग्लंडला गेली, लंडनच्या बायकांच्या वैद्यक विद्यालयात शिकली, डॉक्टर होऊन परत आली. सुरतेत आणि राजकोटमध्ये तिनं बायकांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं काम केलं. १९५५ साली ती वारली, नव्वदी पार करून.

रखमाबाईचा निकाल आणि शारदेचा पहिला प्रयोग यांत बारा वर्षांचं अंतर. ज्या समाजानं रखमाबाईवर तोंडसुख घेतलं, तोच समाज शारदेसाठी रडला. असं का? आम्ही यावर भांडण होईपर्यंत बोललो. एकीचं म्हणणं, माणसं बारा वर्षांत थोडी सुधारली असतील. दुसरीचं म्हणणं, रडायला पैसे पडत नाहीत. आम्हाला दोघींचंही थोडं थोडं पटतं. पण खरा फरक वेगळा वाटतो. शारदा नाही म्हणते ती स्वतःच्या मनाशी, मैत्रिणींशी, आईशी. ती कोर्टात जात नाही. सोसते आणि मरायला निघते. तिला सोडवायला पुरुष येतो आणि शेवटी तिचं लग्नच होतं. तिच्यासाठी रडून घरी गेलेल्या माणसाला घरात काही बदलावं लागत नाही. रखमाबाई मात्र विचारत होती की माझी संमती कुठंय. हा प्रश्न प्रत्येक घराला लागू होता. समाज सोडा, सुधारकांच्या घरालाही. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, पण १८७३ साली पहिली बायको गेल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी लग्न केलं ते अकरा वर्षांच्या मुलीशी. ते तेव्हा एकतीस वर्षांचे. ती मुलगी म्हणजे पुढं सेवासदन नावारूपाला आणणाऱ्या रमाबाई रानडे. त्या मोठ्या झाल्या, नवऱ्यानं त्यांना शिकवलं, हे सगळं खरं. पण अकराव्या वर्षी त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

एवढं बोलून आम्ही देवलांना कमी लेखतोय असं समजू नका. नाटक आणि कोर्ट यांची कामं वेगळी. शारदेनं एक मोठं काम केलं, तिनं म्हाताऱ्या नवरदेवाला हास्यास्पद करून सोडलं. त्याआधी पैसेवाला म्हातारा तिसऱ्या-चौथ्या लग्नाला उभा राहिला तर लोक जेवायला जायचे. शारदेनंतर त्याच्याकडं बघून लोकांना भुजंगनाथ आठवायला लागला. पोरीला विकणाऱ्या बापाला कांचनभट हे नाव मिळालं. शिवी म्हणून वापरता येईल असं नाव लोकांच्या हातात देणं, हे लहान काम नव्हे. आणि म्हाताऱ्याच्या लग्नाचा पुढचा भाग सगळ्यांनाच ठाऊक होता. तो मेला की मागं विधवा पोर, आणि तिचं केशवपन. नाटक आलं तेव्हा पुण्यात धोंडो केशव कर्व्यांची अनाथ बालिकाश्रम मंडळी तीन वर्षांची झाली होती. तिथं येणाऱ्या पोरी म्हणजे ज्यांच्या मांडवात कोदंड आला नाही अशा शारदा.

अजून एक गोष्ट सांगण्यासारखी. रंगमंचावर शारदा कोण व्हायचं? पुरुष. तेव्हाच्या नाटक मंडळ्यांत बायका नव्हत्याच. पुढं बालगंधर्वांनी शारदेची भूमिका केली. म्हणजे मुलीचं दुःख लिहिलं पुरुषानं आणि वठवलंही पुरुषानं. तरीही ते आपल्यापर्यंत पोचलं. आमच्यातल्या एका आजींना तिची पदं अर्धी-मुर्धी येतात. त्यांनी नाटक कधी बघितलं नाही, आईकडून ऐकून शिकल्या.

बायका स्वतः बोलल्या ते नंतर. १९२७ सालच्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. जमल्या होत्या मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलायला. पण शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या ध्यानात आलं, पोरीचं लग्न लवकर झालं की शाळा सुटते. मग लग्नाच्या वयाचा विषय त्यांनी हाती घेतला तो सोडला नाही. सारडांचं विधेयक त्याच वर्षीचं. त्याला पाठिंबा द्यायला या बायका दिल्लीपर्यंत गेल्या. सरकारनं मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मोरोपंत हे अमरावतीचे वकील. समितीत रामेश्वरी नेहरू होत्या. समिती देशभर फिरली, लोकांच्या साक्षी घेतल्या, त्यांत बायकांच्याही घेतल्या. मुलीचा नकार मोजायचं माप इथं कुठं तयार व्हायला लागलं. विधेयक आधी फक्त हिंदूंपुरतं होतं, पुढं ते सगळ्या धर्मांना लागू झालं.

१९२९ च्या सप्टेंबरात कायदा मंजूर झाला. मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत काय झालं असेल सांगा? कायदा लागू व्हायच्या आत उरकून घ्या म्हणून देशभर पोरांच्या लग्नांची नुसती घाई उडाली. नोटाबंदीच्या वेळी बँकेत झाली तशी, असं आमच्यातली एक म्हणाली.

कायदाही तसा दुबळाच. एकवीस वर्षांवरच्या पुरुषानं बाल वधू केली तर जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा हजार रुपये दंड. लागलेलं लग्न मात्र कायमच. पोलिसांना आपणहून काही करता येत नव्हतं. कुणी तरी कोर्टात तक्रार करायची, आणि तक्रार करणाऱ्याकडूनच कोर्ट शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागू शकायचं. त्या काळातले शंभर रुपये! इंदिराकाकूनं ते कुठून आणले असते? पुढं १९४९ साली मुलीचं वय पंधरा झालं, १९७८ साली अठरा, मुलाचं एकवीस. चौदाचं अठरा व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

आता शारदेनं आपल्यासाठी काय करून ठेवलं नाही, तेही बोललं पाहिजे. आम्ही ज्या गावांत गट चालवतो तिथं म्हातारा नवरदेव आता कुणी बघितलेला नाही. तो प्रश्न संपल्यातच जमा. पण बालविवाह संपलेले नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरातल्या जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे नवरा बदलला, तरणा झाला. पोर तीच राहिली.

आमच्याकडं ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात. तिथं मुकादम उचल देतो ती जोडीला, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला कोयत्याची उचल मिळत नाही. म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं होतात. मुलगी फडात मोळ्या बांधायला पाहिजे असते. तिचा बाप कांचनभटासारखा लोभी असतो असं आम्ही म्हणणार नाही. पाल टाकून सहा महिने बाहेर राहायचं, मागं वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्याची खरी भीती असते. पण गोष्टीतली पैशाची गाठ तिथंच आहे. भद्रेश्वर दीक्षिताच्या जागी आता मुकादम उभा आहे, आणि सोयरीक जमवणारा नातेवाईक.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात नववीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. आम्ही घरी गेलो. आजी दारातच म्हणाली, "अगं, पोरगा बावीसचा हाय. काय म्हातारा हाय व्हय?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. शारदेचा हा उलटा परिणाम आम्हाला तिथं कळला. सव्वाशे वर्षं आपण त्या म्हाताऱ्याला हसलो, त्यामुळं नवरा जोडीचा दिसला की आपल्याला सगळं शोभतंय असं वाटतं. नाटकातही शेवटी कोदंडाच्या गळ्यात माळ पडते तेव्हा कुणी विचारत नाही की पोरीला अजून चार वर्षं थांबायचंय का.

ते लग्न थांबलं कशानं, तर शाळेच्या दाखल्यानं. ग्रामसेवकांनी जन्मतारीख वाचली, हिशेब केला, पंधरा वर्षं दोन महिने. मुलगी "मला शिकायचंय" म्हणत होती ते आठ दिवस कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. कागद बघितल्यावर सगळे उठले. देवलांनी गोत्र वापरलं, आम्ही दाखला वापरला.

आताचा कायदा २००६ सालचा आहे. त्यात काही गोष्टी अशा आहेत की देवलांना मिळाल्या असत्या तर नाटक वेगळं झालं असतं. मुलीला फसवून, जबरदस्तीनं किंवा विकून लावलेलं लग्न मुळातच बेकायदा, ते लागलंच नाही असं धरायचं. कांचनभटाचा सौदा इथंच मोडला असता, गोत्र शोधायची गरज नव्हती. बाकीच्या बालविवाहांत मुलगी स्वतः कोर्टात जाऊन लग्न रद्द मागू शकते, अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसावं पूर्ण होईपर्यंत. रखमाबाई जे मागत होती ते हेच. लग्न लावणाऱ्याला, त्यात सामील होणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. यात भटजी, मंडपवाला, मध्यस्थ कुणीही येऊ शकतो. बाईला मात्र कैद नाही, दंड होऊ शकतो.

आमच्या शेवटच्या बैठकीत एका सासूबाईंनी विचारलं होतं की इंदिराकाकूला त्या वेळी जायला जागा नव्हती हे समजलं, आता एखाद्या इंदिराकाकूनं कुणाकडं जायचं? तर गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडीताई त्यांच्या मदतीला असतात. त्यांच्याकडं जायला संकोच वाटला, गावात तोंड दिसेल असं वाटलं, तर १०९८ हा नंबर आहे. एक, शून्य, नऊ, आठ. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, आणि फोन करणाऱ्या बाईचं नाव गावात सांगितलं जात नाही.